फ्रेटबोर्डवरची नावं पाठ करताना: 106 दिवसांची नोंद

26 डिसेंबरच्या संध्याकाळी तालीम होती, मी गिटारवर. गाणं जी स्केलमधलं, त्यातल्या जी, सी आणि डी या कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) बोटांना इतक्या सवयीच्या की हाताकडे बघायचीही गरज नव्हती. गाणाऱ्या ताईंचा आवाज त्या दिवशी बसला होता. त्या म्हणाल्या, "अगं, आज जरा खाली घेऊया का? एफमध्ये?" कीबोर्डवाले दादा म्हणाले, "चालेल. एफ, बी फ्लॅट, सी," आणि त्यांनी वाजवायला सुरुवातही केली. एफ मला येत होता, पहिल्या फ्रेटवरचा (फ्रेट म्हणजे गिटारच्या दांडीवरची धातूची आडवी पट्टी) बार कॉर्ड, एकाच बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबून धरायचा. सी येत होता. बी फ्लॅट, म्हणजे बीच्या एक फ्रेट खालचा सूर, कुठे असतो ते मला माहीत नव्हतं.

मी पिशवीतून कॅपो काढला, म्हणजे सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा. तो कुठे लावायचा हेही मोजावंच लागलं. डी कॉर्डच्या बोटांच्या आकारात वाजवायचं तर डी, मग डी शार्प (डीच्या एक फ्रेट वरचा), मग ई, मग एफ, म्हणजे तिसरा फ्रेट. आता डीच्या जागी एफ वाजेल, जीच्या जागी बी फ्लॅट आणि एच्या जागी सी. हे सगळं बोटांवर मोजून होईपर्यंत बाकीचे माझ्यासाठी थांबले होते. कोणी काही बोललं नाही. मला मात्र फार वाईट वाटलं. अकरा वर्षं गिटार वाजवते आहे आणि हातातल्या लाकडावर कुठला सूर कुठे आहे हे मला सांगता येत नाही, हे त्या अर्ध्या मिनिटात पहिल्यांदाच इतकं स्पष्ट दिसलं.

त्यानंतर साडेतीन महिने मी जे केलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. याच विचारात असलेल्या कोणाचे तरी माझ्यासारखे वाया जाणारे दिवस वाचावेत, एवढ्यासाठी.

आधी मी तिघांना विचारलं, हे पाठ करायलाच हवं का? तिघांची तीन उत्तरं आली. माझ्यापेक्षा कितीतरी चांगला सोलो वाजवणारा एक मित्र म्हणाला, काही गरज नाही, आकार पाठ असले की पुरे. नोटेशन, म्हणजे कागदावर लिहिलेले सूर, वाचून वाजवणारी एक मैत्रीण म्हणाली, हे तर पहिल्याच वर्षी व्हायला हवं होतं. आणि मी ज्यांच्याकडे सुरुवातीला शिकले ते सर म्हणाले, "तू काय वाजवणार आहेस त्यावर आहे. पण दुसऱ्यांबरोबर वाजवायचं असेल तर शीक."

आकारवाल्या मित्राच्या बाजूने एक गोष्ट नेहमी सांगितली जाते: वेस मॉन्टगोमेरी आणि जँगो राइनहार्ट या नावाजलेल्या जॅझ गिटारवादकांना नोटेशन वाचता येत नव्हतं. ते खरं आहे. पण नोटेशन वाचता न येणं वेगळं आणि फ्रेटबोर्ड न ओळखणं वेगळं. त्या दोघांना हवा तो सूर हवा तिथे सापडत होता. मला सापडत नव्हता. म्हणून त्यांचं नाव घेऊन स्वतःची सुटका करून घेणं मला पटलं नाही.

सुरुवातीचा आठवडा चुकीच्या गोष्टींत गेला. 28 डिसेंबरला फ्रेटबोर्डचा एक मोठा तक्ता छापून भिंतीवर लावला. रोज त्याच्याकडे बघायचे. दोन दिवसांनी डोळे मिटले तर तक्त्याचा रंग आठवत होता, एकही सूर आठवत नव्हता. मग 30 डिसेंबरला तारांच्या खाली चिकटवायचे नावांचे स्टिकर लावले. ते आणखी वाईट. स्टिकर समोर असला की डोळे तोच वाचतात, डोक्याला काही आठवावंच लागत नाही. 2 जानेवारीला तारा सैल करून सगळे स्टिकर काढले. खाली गोंद राहिला, तो कोरड्या फडक्याने घासत बसले, आणि जुन्या तारांपैकी पहिली तार पुन्हा पिळताना तुटली. तेव्हा सगळा संचच बदलला. स्टिकर लावायचा विचार असेल तर माझं ऐका, लावू नका.

3 जानेवारीला खरी सुरुवात झाली. सरांनी फोनवर दोनच गोष्टी सांगितल्या. रोज दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही. आणि डोळ्यांनी वाचू नकोस, डोक्यातून काढ.

मी जुन्या वहीची पानं फाडून 42 चिठ्ठ्या केल्या. सहा तारा (सगळ्यात बारीक ती पहिली, सगळ्यात जाड ती सहावी), प्रत्येकीवर साधे सात सूर, म्हणजे शार्प-फ्लॅट सोडून. प्रत्येक चिठ्ठीवर तारेचा आकडा आणि सुराचं नाव. "4, ए" अशी चिठ्ठी निघाली की चौथ्या तारेवर ए शोधायचा, वाजवायचा आणि नाव मोठ्याने म्हणायचं. बाराव्या फ्रेटच्या आतच, कारण बाराव्यावर तारेची लांबी बरोबर निम्मी होते, तोच सूर एक सप्तक वर मिळतो आणि तिथून पुढे सगळं पुन्हा तसंच. हे कळलं तेव्हाच काम आवाक्यातलं वाटलं. मोकळी, म्हणजे न दाबलेली, तार धरून अकराव्या फ्रेटपर्यंत एका तारेवर बारा जागा आणि बारा नावं. प्रत्येक नाव प्रत्येक तारेवर एकदाच. पहिली आणि सहावी तार दोन्ही ईच्या, तेव्हा एक शिकली की दुसरी आपोआप. म्हणजे साध्या सुरांच्या जागा 42 नाहीत, शिकायच्या 35 च.

पहिल्या दिवशी 42 चिठ्ठ्यांना 9 मिनिटं 40 सेकंद लागले. 11 चुका. वहीत रकाने आखले: तारीख, कुठली तार, वेळ, चुका, आणि शेवटी "कुठे अडले". हा शेवटचा रकाना सगळ्यात उपयोगी ठरला. वेळ आणि चुकांचे आकडे बघून फक्त बरं किंवा वाईट वाटतं. कुठे अडले ते लिहिलं की उद्या काय करायचं ते कळतं.

पहिला आठवडा फक्त सहाव्या तारेचा. मोकळी ई, पहिल्यावर एफ, तिसऱ्यावर जी, पाचव्यावर ए, सातव्यावर बी, आठव्यावर सी, दहाव्यावर डी, बाराव्यावर पुन्हा ई. इथे एकच नियम डोक्यात बसवावा लागतो: बी आणि सी शेजारी-शेजारी, ई आणि एफ शेजारी-शेजारी, बाकी सगळ्यांमध्ये एकेक फ्रेट मोकळा. हा नियम आणि तारेचं नाव एवढं माहीत असलं तर कुठलाही सूर मोजून काढता येतो. पण मोजून काढणं म्हणजे पाठ असणं नव्हे. पाढ्यांचंही तसंच असतं. सात पंचे पस्तीस, त्यात सात मिळवून बेचाळीस, आणखी सात मिळवून एकोणपन्नास, मग छप्पन्न, असं करत पोहोचणाऱ्याला सात आठे छप्पन्न येतं असं आपण म्हणत नाही. मला हे पाढ्यांसारखं हवं होतं. आठवा फ्रेट म्हटलं की सी, मध्ये कोणी नाही.

आणखी एक गोष्ट त्या आठवड्यात लक्षात आली. मी रोज तार खालून वर म्हणत होते, ई, एफ, जी, ए. त्यामुळे डी हवा असला की मनातल्या मनात ईपासून सगळी रांग म्हणावी लागायची. मग उलटं म्हणायला लागले, बाराव्याकडून खाली: ई, डी, सी, बी, ए, जी, एफ, ई. पहिले दोन दिवस जीभ अडखळली. सहाव्या दिवशी डी थेट सापडायला लागला.

10 ते 16 जानेवारी पाचवी तार. तिसऱ्यावर सी, पाचव्यावर डी, सातव्यावर ई, आठव्यावर एफ, दहाव्यावर जी. आठवडा संपला तेव्हा बार कॉर्डचा सगळा कारभारच उलगडला. ईच्या आकाराच्या बार कॉर्डचं नाव सहाव्या तारेवर धरलेल्या सुराचं. एच्या आकाराच्या बार कॉर्डचं नाव पाचव्या तारेवरच्या सुराचं. हे वाक्य मी अनेक वर्षं ऐकत होते, आणि त्यामागची नावंच माहीत नसल्यामुळे ते माझ्या काही उपयोगाचं नव्हतं. आता बी फ्लॅट विचारा: पाचव्या तारेवर पहिला फ्रेट, सहाव्या तारेवर सहावा. तालमीत जे अडलं होतं ते दोन आठवड्यांत सुटलं.

म्हणून इथे एक प्रामाणिक मत. तुम्ही गाणाऱ्याला साथ करता, कॉर्डच वाजवता, एवढंच तुम्हाला आवडतं, तर या दोन तारा पाठ करून थांबलात तरी बिघडत नाही. सरांना मी तसं बोललेही. ते म्हणाले, "थांबलीस तरी चालेल. पण आता थांबू नकोस."

17 जानेवारीपासून चौथी तार आणि 27 जानेवारीपासून तिसरी. इथे आडवाट मिळते. सहाव्या तारेवर जो सूर आहे, तोच दोन तारा पलीकडे आणि दोन फ्रेट वर चौथ्या तारेवर आहे, एक सप्तक वरचा. पाचवीवरून तिसरीवर जातानाही तसंच. सी पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, म्हणून तिसऱ्या तारेवर पाचव्याला. हा आकार बोटांना लगेच सापडतो आणि वेळेचा आकडा झपाट्याने खाली आला. मी खूश होते. पण फेब्रुवारीच्या सुरुवातीला सरांनी समोर बसवून घेतलं. ते फक्त चौथ्या तारेवर बोट ठेवायचे आणि विचारायचे, "हा कुठला?" मी प्रत्येक वेळी सहाव्या तारेकडे बघत होते. आडवाटेने मी चौथी तार ओळखत नव्हते, फक्त सहाव्या तारेकडून तिचं भाषांतर करत होते.

दुसरी गोष्टही त्याच बैठकीत उघडी पडली. माझ्या चिठ्ठ्या नाव सांगून जागा विचारत होत्या. सर जागा दाखवून नाव विचारत होते. मला वाटायचं हे एकच काम आहे, पण तसं नाही. एक येत असताना दुसरं अडतं. त्या दिवसापासून मी चिठ्ठ्यांचा दुसरा डबा केला, त्यात "5, 9" अशा जोड्या. पाचवी तार, नववा फ्रेट, सांग नाव. एफ शार्प. ज्यांना हे करायचं आहे त्यांनी दोन्ही डबे पहिल्या दिवसापासून ठेवावेत. माझा महिनाभर एकाच बाजूचा सराव झाला.

मग दुसरी तार. 6 फेब्रुवारीला तिला हात घातला आणि 8 मार्चपर्यंत ती मला सुटली नाही.

त्याचं कारण गिटारच्या ट्यूनिंगमध्येच आहे. ई ते ए, ए ते डी, डी ते जी, या सगळ्या उड्या पाच-पाच फ्रेटच्या. जी ते बी मात्र चारच फ्रेटची. आणि बी ते ई पुन्हा पाच. म्हणून मोकळी तार जुळवताना आपण सगळीकडे पाचवा फ्रेट दाबतो आणि तिसऱ्या तारेवर चौथा. सगळ्या उड्या पाचाच्या ठेवल्या असत्या तर दुसरी आणि पहिली तार सी आणि एफ झाल्या असत्या. गिटारवादक स्टॅनली जॉर्डन तशीच लावून वाजवतात, तिथे प्रत्येक आकार सगळीकडे सारखा राहतो. पण मग पहिली आणि सहावी तार एका नावाची राहत नाही, आणि सहा तारांवरचे आपले सवयीचे बार कॉर्ड हाताला अवघड होतात. या एका फ्रेटच्या सोयीसाठी आपण दुसऱ्या तारेवर किंमत मोजतो. दोन फ्रेट वर जाण्याची आडवाट इथे तीन फ्रेटची होते: चौथ्या तारेवरून दुसरीवर, तिसरीवरून पहिलीवर. माझी बोटं दोनच फ्रेट वर जायची आणि दर वेळी अर्धा सूर खाली पडायची. वहीत त्या दिवसांत "कुठे अडले" रकान्यात एकच शब्द आहे: दुसरी, दुसरी, दुसरी.

12 फेब्रुवारीला ताप आला. नऊ दिवस गिटार हातात घेतलं नाही. 21 ला परत बसले तेव्हा भीती होती की सगळं धुऊन गेलं असेल. सहावी आणि पाचवी जशीच्या तशी होती. चौथी थोडी पुसट. तिसरी अर्धी गेली होती आणि दुसरी जवळजवळ पूर्ण. त्या दिवशी मला रडू आलं, खरंच. पण नोंद बघितल्यावर त्यातला अर्थ कळला. ज्या तारांचा मी कॉर्ड वाजवताना रोज वापर करत होते त्या राहिल्या होत्या. ज्या फक्त चिठ्ठ्यांमधून पाठ केल्या होत्या त्या गेल्या.

दुसऱ्या तारेवर शेवटी खुणांनी मदत केली. पाचव्या फ्रेटवर सहाही तारा साध्या सुरांच्या आहेत: ए, डी, जी, सी, ई, ए. दहाव्यावरही: डी, जी, सी, एफ, ए, डी. बाराव्यावर तर मोकळ्याच तारा पुन्हा. हे तीन फ्रेट मी आडवे पाठ केले, तारेतारेने नाही. आता दुसऱ्या तारेवर पाचव्याला ई, म्हणून सहाव्याला एफ, तिसऱ्याला डी. दहाव्याला ए, म्हणून आठव्याला जी. दुरून मोजत यायचं थांबलं, कारण कुठलाही सूर या खुणांपासून दोन-तीन फ्रेटच्या आतच होता. थोड्या दिवसांनी खुणांचीही गरज उरली नाही. आधी लक्षात यायला हवं होतं असं एक इथे सांगते. तार जुळवताना आपण म्हणतोच की सहावीचा पाचवा फ्रेट ए, पाचवीचा पाचवा डी, चौथीचा पाचवा जी, तिसरीचा चौथा बी, दुसरीचा पाचवा ई. म्हणजे गिटार जुळवता येणाऱ्या प्रत्येकाला पाच जागा आधीपासून पाठ आहेत. सुरुवात तिथूनच करायला हवी होती.

8 मार्च: 42 चिठ्ठ्या, 4 मिनिटं 5 सेकंद, 3 चुका. तिन्ही दुसऱ्या तारेवरच्या.

9 मार्चला शार्प आणि फ्लॅटच्या चिठ्ठ्या वाढवल्या. साधे सूर बसले असले की हे सोपं जातं, फक्त एक चूक मी केली ती टाळा. सुरुवातीचे दहा दिवस मी सगळं शार्पच्याच नावाने म्हणत होते. सी शार्प, डी शार्प, एफ शार्प, जी शार्प, ए शार्प. मग मधल्या एका तालमीत दादा म्हणाले, "ए फ्लॅटवर या," आणि माझा हात थांबला. जी शार्प मला माहीत होता. तीच जागा, तोच सूर, पण या नावाने तो मला कोणी दिलाच नव्हता. प्रत्यक्षात गाण्यांमध्ये बी फ्लॅट आणि ई फ्लॅट ही नावं ए शार्प आणि डी शार्पपेक्षा कितीतरी जास्त कानावर पडतात. दोन्ही नावांच्या चिठ्ठ्या करा. आणि गडबडीच्या तालमीत बी, डी, ई आणि जी हे उच्चार एकमेकांसारखेच ऐकू येतात, तेव्हा लाज न बाळगता परत विचारा. मी एकदा बीऐवजी डी वाजवून मोकळी झाले होते.

1 एप्रिलपासून मेट्रोनोम, म्हणजे ठरलेल्या वेगाने ठोके देणारं यंत्र. मिनिटाला 40 ठोके. एक सूर घ्यायचा, सहाव्या तारेपासून पहिलीपर्यंत प्रत्येक तारेवर एका ठोक्याला एक जागा, मग उलट परत. सुरांचा क्रम चौथ्यांच्या चक्राचा, म्हणजे दर वेळी पाच फ्रेट वरचा सूर: सी, एफ, बी फ्लॅट, ई फ्लॅट, ए फ्लॅट, डी फ्लॅट, जी फ्लॅट, बी, ई, ए, डी, जी. हा क्रम दोन कारणांसाठी चांगला. ए, बी, सी असं ओळीने गेलं की हात नुसता एक-दोन फ्रेट सरकत राहतो आणि डोकं झोपतं. शिवाय कॉर्ड गाण्यांत बहुतेक याच क्रमाने एकमेकींकडे जातात. सीचा फेरा असा: आठवा, तिसरा, दहावा, पाचवा, पहिला, आठवा. 40 वर पहिल्या दिवशी चौथ्या सुरापर्यंतच टिकले. आठवडाभराने बाराही झाले. मग 50, मग 60. 60 च्या पुढे मी गेले नाही, जावंसंही वाटलं नाही.

18 एप्रिलला शेवटची मोजणी. 42 चिठ्ठ्या, 1 मिनिट 50 सेकंद, 1 चूक. 106 दिवसांपैकी प्रत्यक्ष बसले ते 84 दिवस, रोज दहा-बारा मिनिटं, एकूण पंधरा-सोळा तास. तारांचा एक संच, एक वही, दोन डबे चिठ्ठ्या. खर्च एवढाच.

आता जे घडलं ते सांगायलाच हवं, कारण त्याबद्दल मला आधी कोणी काही सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी नेहमीची गाणी वाजवायला बसले आणि माझं वाजवणं अगदी होतं तसंच होतं. तीच बोटं, तेच आकार, सोलो घेतला तर तीच पेंटॅटॉनिकची (पाच सुरांच्या स्केलची) चौकट. कुठला सूर वाजवते आहे त्याचं नाव मला सांगता येत होतं, एवढाच फरक. साडेतीन महिन्यांनंतर हे फार लागलं. दोन दिवस गिटार उघडलंच नाही. मला वाटलं मित्र म्हणत होता तेच खरं.

सरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "नावं पाठ झाली ना? मग आता त्यांना कामाला लाव." आणि फक्त वरच्या तीन तारा घ्यायला सांगितल्या. सी मेजर म्हणजे सी, ई, जी. तीन तारांवर हे तीन सूर एकमेकांच्या जवळ कुठे आहेत ते तूच शोध, म्हणाले, आकार मी दाखवणार नाही.

शोधलं. तिसऱ्या तारेवर पाचव्याला सी, दुसरीवर पाचव्याला ई, पहिलीवर तिसऱ्याला जी. मग एफ: एफ, ए, सी. हात न हलवता. तिसरीवरचा सी तसाच राहिला, ई एक फ्रेट वर सरकून एफ झाला, जी दोन फ्रेट वर सरकून ए झाला. पाच, सहा, पाच. पुन्हा सीवर आले आणि तिथून जी: जी, बी, डी. या वेळी पहिलीवरचा जी तसाच राहिला, सी एक फ्रेट खाली बी झाला, ई दोन फ्रेट खाली डी. चार, तीन, तीन. तीन कॉर्ड, चार फ्रेटच्या जागेत, आणि प्रत्येक वेळी मला दिसत होतं की कोण जागेवर थांबलं आणि कोण कुठे गेलं.

अकरा वर्षं सीवरून एफवर जाणं म्हणजे माझ्यासाठी एक आकार मोडून दुसरा बांधणं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला दिसलं की सी दोन्ही कॉर्डमध्ये आहे. मी ते तीन कॉर्ड किती वेळ वाजवत बसले ते आठवत नाही.

म्हणून माझं मत आता असं आहे. नावं पाठ करावीत. पण पाठ होईपर्यंत थांबून मग वापरू असं करू नये, मी तेच केलं आणि म्हणून शेवटी ती निराशा आली. दोन तारा झाल्या की त्याच दिवशी बार कॉर्डची नावं म्हणत वाजवावं. तिसरी आणि दुसरी सुरू झाली की लगेच तीन सुरांचे छोटे कॉर्ड शोधावेत. तापानंतर कोणत्या तारा टिकल्या होत्या तेच याचं उत्तर होतं, मला ते तेव्हा वाचता आलं नाही. आणि अगदी नव्याने शिकणाऱ्याने पहिल्या काही महिन्यांत याच्या मागे लागू नये. बोटं दुखत असतात, कॉर्ड बदलताना तालच सुटत असतो, त्यात हे ओझं नको. मोकळ्या सहा तारांची नावं आणि बी-सी, ई-एफ शेजारी, एवढं तेव्हा पुरे.

ज्यांचं संगीत सा-रे-ग-म पासून सुरू झालं त्यांचा एक प्रश्न असतो, माझाही होता. सा कुठेही धरता येतो, मग सी आणि डी कशाला? सरगम सुरांमधलं अंतर शिकवते, आणि सोलो वाजवताना तेच जास्त कामाचं, यात मला शंका नाही. चौकटी वापरणारा माझा मित्र तेच करतो, नावं न घेता. पण दुसरा माणूस जेव्हा "ई फ्लॅट" म्हणतो, तेव्हा तो सा कुठे आहे ते सांगत असतो. ते ऐकून हात तिथे जायला हवा. पुढे अंतरं आहेतच. मला दोन्ही लागतात.

काही जागा अजून कच्च्या आहेत. बाराव्याच्या पुढे हिशेब तोच असला तरी डोळे बावरतात, तिथे फ्रेट अरुंद होत जातात. सहावी तार उतरवून डीवर आणली की तिच्यावरचा प्रत्येक सूर दोन फ्रेट वर जातो, आणि तेवढ्या एका तारेसाठी मला पुन्हा मोजावं लागतं.

30 मेच्या तालमीत ताईंनी तेच गाणं घेतलं. आवाज चांगला लागला होता, जीमध्येच सुरू केलं. दुसऱ्या कडव्यानंतर दादांनी खुणेने विचारलं, अर्धा सूर वर जायचं का, आणि ताईंनी मान हलवली. ए फ्लॅट, डी फ्लॅट, ई फ्लॅट. मी सहाव्या तारेवर चौथा, पाचव्या तारेवर चौथा आणि सहावा धरला. कॅपो पिशवीतच होता.

डबे टेबलावर आहेत. अजूनही रोज सकाळी एकच चिठ्ठी काढते. आज निघाली ती: 2, ए फ्लॅट. नववा फ्रेट.